रोजचे बायबल वाचन आणि मनन : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

बायबल रोज वाचायचे असे ठरवणारे पुष्कळ असतात. ते वाचन मध्येच सुटते, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा श्रद्धेची उणीव हे नसते. कुठून सुरुवात करायची, रोज किती वाचायचे, वाचून झाल्यावर काय करायचे, हे कोणी नीट सांगितलेलेच नसते. मग १ जानेवारीला उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडला जातो, महिना संपता संपता लेवीय येते, होमार्पणे आणि अन्नार्पणे सुरू होतात, आणि पुस्तक पुन्हा कपाटात जाते.

नुकताच बाप्तिस्मा झालेल्यांसाठी, दृढीकरणाची तयारी करणाऱ्यांसाठी, आणि ख्रिस्ती घरात वाढूनही एकट्याने कधी बायबल न वाचलेल्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. त्यात आग्रह एवढाच आहे : एका वेळी एकच पुस्तक घ्या, ते थोडे थोडे करून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचा, आणि रोजच्या वाचनाच्या शेवटी त्याच दिवशी करता येईल अशी एक गोष्ट ठरवा.

काय काय लागेल

- छापील बायबल, अक्षर डोळ्यांना सोसेल एवढे मोठे. खिशात मावणाऱ्या छोट्या प्रतीत बहुधा फक्त नवा करार असतो. गिडियन्सतर्फे मोफत मिळणाऱ्या प्रतीत त्यासोबत स्तोत्रसंहिता आणि नीतिसूत्रे असतात. सुरुवातीला तेवढेही पुरते.
- साधी शंभर पानी वही.
- पेन्सिल. बायबलचा कागद पातळ असतो. बॉलपेन किंवा हायलायटर मागच्या पानावर उमटतो आणि तिथले वाचता येईनासे होते.
- रोजची २० मिनिटे, शक्यतो एकाच वेळी आणि एकाच जागी.
- प्रश्न विचारता येईल असे एक माणूस : तुमचे पाळक, धर्मग्रामातले फादर, किंवा मंडळीतली बायबल नीट जाणणारी एखादी वडीलधारी व्यक्ती. ही गोष्ट लोक यादीतून गाळतात आणि पुढे अडकतात. प्रेषितांची कृत्ये ८:३०–३१ मध्ये कुशी षंढ, म्हणजे कूश देशाच्या राणीचा एक अधिकारी, रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत असतो. वाचता ते समजते का, असे फिलिप्प विचारतो, तेव्हा कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजेल, असे तो उत्तर देतो. विचारण्यात काही कमीपणा नाही.

१. तुम्हाला कळेल असे भाषांतर निवडा

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत सर्वांत जास्त चालते ते बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे ‘पवित्र शास्त्र’. त्याची भाषा भारदस्त आणि थोडी जुनी आहे; उपासनेत कानावर पडणारी वचने बहुतेक त्यातलीच असतात. त्याच संस्थेचे सोप्या मराठीतले भाषांतरही मिळते. घरी वाचायला सोपे आणि पाठांतराला मंडळीत चालणारे, अशी दोन्ही ठेवलीत तर उत्तम. एखादे वाक्य एका भाषांतरात अडले की दुसऱ्यात पाहायचे.

सोपे भाषांतर वाचणे म्हणजे कमी प्रतीचे वाचणे, असे मानू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, ते साध्यासुध्या बायकांना वाचून कळावे म्हणूनच. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून आले. आयुष्याची इतकी वर्षे त्यांनी ज्या कामाला दिली, ते काम म्हणजे वचन घरच्या भाषेत आणणे.

कॅथलिक वाचकांनी एक लक्षात घ्यावे. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके असतात, कॅथलिक बायबलात ७३. तोबीत, मक्काबी यांसारखी जुन्या करारातली सात पुस्तके जास्त असतात. मिस्सेतले एखादे वाचन तुमच्या प्रतीत सापडत नसेल, तर आधी ती प्रत कोणती आहे ते पाहा.

२. संदर्भ वाचायला शिका

मार्क २:१३–२२ म्हणजे मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय दुसरा, वचने १३ ते २२. नावाआधी आकडा असेल तर ते वेगळे पुस्तक. योहान ३:१६ शुभवर्तमानात आहे; १ योहान ३:१६ हे योहानाच्या पहिल्या पत्रात आहे, आणि ते बायबलात बरेच शेवटी सापडते. पहिल्या आठवड्यात अनुक्रमणिका पाहून पुस्तक शोधा. महिन्याभरात हाताला सवय होते.

अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. अध्याय तेराव्या शतकात पडले आणि नव्या कराराची आजची वचनसंख्या १५५१ मध्ये रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने छापली. म्हणून अध्याय संपला म्हणजे विषय संपला असे समजू नका. यशयाचा ५३वा अध्याय खरे तर ५२:१३ पासून सुरू करायला हवा. तिथूनच दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत सुरू होते.

३. मार्कपासून सुरुवात करा

मार्क हे चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान आहे, फक्त १६ अध्याय. वंशावळी नाही, लांब भाषणे थोडीच. प्रसंगामागून प्रसंग येतात आणि येशू कोण, हा प्रश्न प्रत्येक प्रसंगागणिक वाचणाऱ्याच्या जवळ येतो. पहिला आठवडा असा ठेवा :

सोमवार १:१–१३, मंगळवार १:१४–२८, बुधवार १:२९–४५, गुरुवार २:१–१२, शुक्रवार २:१३–२२, शनिवार २:२३–३:६.

रविवारी नवीन काही नको. आठवड्याची वही उघडून वाचा आणि उपासनेला किंवा मिस्सेला जा. शनिवारचा उतारा अध्याय ओलांडून जातो, कारण दोन्ही प्रसंग शब्बाथाचे, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवसाचे आहेत. कणसे मोडणारे शिष्य आणि वाळलेल्या हाताचा माणूस एकत्र वाचले तरच ३:६ मध्ये परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी) येशूला मारायचा घाट का घालतात ते कळते. पुढचे उतारेही असेच, एका दिवशी एक किंवा दोन प्रसंग, दहा ते वीस वचने. या गतीने मार्क संपायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. घाई करू नका.

४. वीस मिनिटांचा क्रम

पहिली दोन मिनिटे गप्प बसा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. फोनवरच वाचत असाल तर फ्लाइट मोड लावा. यूव्हर्जनसारख्या ॲपमध्ये मराठी बायबल इंटरनेटशिवाय वाचण्यासाठी उतरवून ठेवता येते का ते आदल्या दिवशी पाहून घ्या. प्रार्थना एका वाक्याची पुरे : प्रभू, बोल, तुझा दास ऐकत आहे. शमुवेल लहान असताना हेच म्हणाला होता.

पुढची सात मिनिटे उतारा दोनदा वाचा. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मोठ्याने वाचताना डोळा ज्या शब्दांवरून घसरून जातो ते जिभेवर येतात.

मग वही. तारीख आणि संदर्भ लिहा, आणि त्याखाली तीन छोट्या नोंदी : या उताऱ्यात काय घडते, काय खटकले किंवा कळले नाही, आणि देव इथे कसा दिसतो. ‘मला काय मिळाले’ हा प्रश्न सर्वांत शेवटी घ्या. तो पहिला घेतला की माणूस उताऱ्यात स्वतःच्याच मनातले शोधू लागतो.

उदाहरण घेऊ. मार्क ८:२२–३३. बेथसैदात एका आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि काही दिसते का असे विचारतो. तो म्हणतो, माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. येशू पुन्हा हात ठेवतो आणि आता त्याला स्पष्ट दिसते. इथे वहीत प्रश्न यायला हवा : दोनदा का? वादळ एका शब्दाने शांत करणाऱ्याला डोळे बरे करायला दुसऱ्यांदा हात का ठेवावा लागला?

उत्तर हवे तर वाचत राहायचे. लगेच पुढे फिलिप्पाच्या कैसरियाजवळ पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. बरोबर उत्तर. पण मनुष्याच्या पुत्राने दुःख भोगावे आणि मारले जावे हे अवश्य आहे, असे येशू सांगू लागताच तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. पेत्रालाही अर्धेच दिसते आहे. ख्रिस्त दिसतो, वधस्तंभ दिसत नाही. आता थोडे मागे जाऊन ८:१८ पाहा : डोळे असून तुम्हाला दिसत नाही काय, असे येशूने शिष्यांना विचारलेलेच आहे. आणि पुढे १०:४६–५२ मध्ये बार्तीमय हा दुसरा आंधळा येतो. तो दृष्टी मिळताच वाटेने येशूच्या मागे चालू लागतो, आणि ती वाट यरुशलेमकडे जाते. दोन आंधळ्यांच्या मधल्या अध्यायांत येशू आपल्या मरणाविषयी तीनदा सांगतो आणि तीनही वेळा शिष्यांना ते उमगत नाही. हे कोणत्याही टीकाग्रंथाशिवाय, फक्त पुस्तक सलग वाचल्याने दिसते. सुटी वचने वाचणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

शेवटची पाच मिनिटे प्रार्थना, आणि ती उताऱ्यातूनच. वरच्या उताऱ्यावरून पेत्रासारखे आपण ख्रिस्ताला कुठे अडवतो ते कबूल करता येईल, आणि दुसऱ्यांदा हात ठेव असे मागता येईल. शब्दच सुचत नसतील तर एक स्तोत्र वाचा. स्तोत्र १३ अवघ्या सहा वचनांचे आहे आणि त्यात ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. देवापुढे असे बोलायची मोकळीक खुद्द शास्त्रानेच दिली आहे.

मठांमधून चालत आलेल्या लेक्सिओ दिव्हिना या पद्धतीचाही क्रम जवळपास हाच आहे : वाचन, मनन, प्रार्थना आणि देवापुढे निवांत राहणे. बाराव्या शतकात दुसरा गिगो या कार्थुसियन मठवासीयाने या चार पायऱ्या लिहून ठेवल्या. प्रोटेस्टंट वाचकांनीही तिच्याकडे परकी म्हणून पाहायचे कारण नाही.

५. आज करायची एक गोष्ट

वहीत शेवटची ओळ ‘आज’ या शब्दाने सुरू करा. केवळ ऐकणारे होऊ नका, आचरण करणारे व्हा, असे याकोब १:२२ सांगते, आणि वाचन बहुतेकांचे इथेच वाया जाते. ‘मी क्षमाशील होईन’ ही नोंद उपयोगाची नाही. संध्याकाळी ती पाळली की नाही हे सांगता येत नाही. नोंद अशी हवी : ‘आज रात्री आठच्या आत धाकट्या भावाला फोन करीन आणि वाटणीच्या वेळी जे बोललो त्याची माफी मागीन.’ मार्क ११:२५ वाचल्यावर याहून लांब जायची गरज नाही. लेवीय १९:१३ सांगते की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये. ते वाचून घरकामाला येणाऱ्या बाईंचे राहिलेले पैसे त्याच दिवशी द्यावेत.

नोंद खरी आहे का, हे चार गोष्टींवरून कळते : ती आज करता येते, ती तुम्हीच करायची आहे, ती झाली की नाही ते सांगता येते, आणि ती वाचलेल्या उताऱ्यातून आली आहे. रोज काही मोठे सुचणार नाही. कधी ‘आज’ पुढे एखाद्या आजारी माणसाचे नाव आणि ‘भेट’ एवढेच असेल. रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे वही उघडा. झाले असेल तर खूण करा, नसेल तर देवाला तसे सांगा आणि उद्यासाठी पुढे लिहा. तीच नोंद तीन दिवस पुढे ढकलली जात असेल, तर ती तुमच्या पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोलायची गोष्ट आहे.

६. नेहमीचे खड्डे

*सुटे वचन.* यिर्मया २९:११ भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि सकाळच्या व्हॉट्सॲप चित्रांवर सतत दिसते : देवाने तुमच्यासाठी हिताचे संकल्प योजले आहेत. ते बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले वचन आहे. त्याच्या आधीच्या वचनात ७० वर्षे थांबावे लागेल असे म्हटले आहे, आणि त्याआधी घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात बंदिवान म्हणून आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे. ऐकणाऱ्या बऱ्याच प्रौढांच्या हयातीत परतीचा दिवस उजाडणार नव्हता. हे कळल्यावर वचनातला दिलासा कमी होत नाही, तो खरा होतो. नोकरीची मुलाखत उद्याच पार पडेल अशी हमी मात्र त्यात नाही. फिलिप्पै ४:१३ चेही तसेच. सर्व काही करण्यास शक्तिमान आहे, असे पौल म्हणतो ते बंदिवासातून, आणि आधीच्या दोन वचनांत तो उपाशी राहण्याविषयी आणि आहे त्यात समाधान मानण्याविषयी बोलतो. नियम सोपा ठेवा : कोणतेही वचन पाठ करण्याआधी त्याच्या पुढची-मागची दहा वचने वाचा.

*डोळे मिटून पान उघडणे.* बोट जिथे पडेल ते आजचे वचन, ही सवय लागली असेल तर मोडा. त्यात शास्त्र वाचले जात नाही, शकुन पाहिला जातो.

*राहिलेले भरून काढणे.* तीन दिवस चुकले की चौथ्या दिवशी चार दिवसांचे वाचायला बसू नका. तो हिशेब चढत जातो आणि आठवड्यात वाचन बंद पडते. जिथे थांबलात तिथून आजचा उतारा घ्या. योजनेतल्या तारखा खोडा.

*वचने काढून टाकली, हा मेसेज.* नव्या भाषांतरांतून बायबलातली वचने गाळली आहेत, असे संदेश फिरतात आणि नवखे वाचक घाबरतात. मार्क ९:४४ आणि ९:४६ काही आवृत्त्यांत कंसात किंवा तळटीपेत असतात, कारण जुन्या हस्तलिखितांत ती नाहीत. त्यांतले शब्द ९:४८ मध्ये आहेतच, म्हणजे शिकवण कुठेही गेलेली नाही. मार्कच्या शेवटी १६:९–२० लाही अशीच टीप असते. तळटीप म्हणजे भाषांतरकारांचा प्रामाणिकपणा समजा.

*कठीण उतारे.* यहोशवातल्या लढाया, स्तोत्र १३७ चा शेवट. इथे स्वतःला फसवून पटले असे म्हणू नका आणि वाचनही थांबवू नका. वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्नांची यादी करा आणि महिन्यातून एकदा ती यादी घेऊन पाळकांकडे किंवा फादरांकडे जा. काही प्रश्न वर्षभर तिथेच राहतील.

*दुसऱ्याचे चिंतन वाचून भागवणे.* छापील दैनिक चिंतने उपयोगी असतात, पण आधी उतारा, मग तुमची नोंद, आणि त्यानंतर ते चिंतन, असा क्रम ठेवा.

७. घरात आणि गटात

कौटुंबिक प्रार्थनेसाठी दहा मिनिटे पुरेत. एक गीत, पाच ते आठ वचनांचा एखादा प्रसंग, मुलांना एक प्रश्न, प्रभूची प्रार्थना. वाचायला मुलांनाही द्या, अडखळली तरी. दिवसभरातल्या मुलांच्या चुका वचनाच्या आडून काढू नका; मुले ते लगेच ओळखतात आणि त्या वेळेचीच त्यांना भीती बसते. अनुवाद ६:६–७ मध्ये क्रम स्पष्ट आहे : वचने आधी आईबापांच्या हृदयात, मग मुलांच्या मनावर.

मंडळीच्या व्हॉट्सॲप गटात स्वतःचे चिंतन पाठवायचे असेल तर ते दीडशे शब्दांच्या आत ठेवा, संदर्भ वर लिहा, आणि घरातल्या कोणाची गोष्ट त्यांना न विचारता त्यात घालू नका.

८. मार्क संपल्यावर

फिलिप्पैकरांस पत्र घ्या; चारच अध्याय आहेत, दोन आठवडे पुरतील. मग उत्पत्ती, मग लूक आणि त्याच लेखकाचे प्रेषितांची कृत्ये. सोबत रोज एक स्तोत्र ठेवता येईल. पाच महिन्यांत १५० होतात. स्तोत्र ११९ मात्र १७६ वचनांचे आहे, पण ते आठ-आठ वचनांच्या २२ कडव्यांत बांधलेले आहे, म्हणून ते २२ दिवसांत वाटा.

नंतर मोठे पल्ले घ्यायचे असतील तर हिशेब असा. नव्या करारात २६० अध्याय आहेत; आठवड्यातून पाच दिवस एक अध्याय घेतला की बरोबर ५२ आठवडे. ६६ पुस्तकांत मिळून १,१८९ अध्याय आहेत. एरवी रोज तीन आणि रविवारी पाच घेतले की वर्षात संपतात. स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी केलेली योजना रोज चार अध्यायांची आहे. तिच्यात नवा करार आणि स्तोत्रे वर्षात दोनदा होतात. पहिल्या वर्षी ती झेपत नाही. कॅथलिक वाचकांनी मिस्सेची रोजची वाचने धरावीत. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असून त्यांत मुख्यतः मत्तय, मार्क आणि लूक क्रमाने येतात. तिथे वाचने तुकड्यांत असतात, म्हणून ज्या वर्षी जे शुभवर्तमान चालू असेल ते घरी एकदा सलग वाचून काढा.

लेवीय सोडू नका, पण ते १६व्या आणि १९व्या अध्यायापासून उघडा, नंतर इब्री लोकांस पत्रासोबत पूर्ण वाचा. यहेज्केल, दानीएलचा उत्तरार्ध आणि प्रकटीकरण दुसऱ्या वर्षासाठी ठेवा, आणि तेही शक्यतो गटात, शिकवणारे कोणी सोबत असताना.